मेनू कार्ड उघडण्याआधी

घरी वरण-भात, भेंडी आणि नाक मुरडत का होईना, पण मेथीची भाजीही खाणारी सहा वर्षांची मुलगी रविवारी संध्याकाळी हॉटेलात पाऊल ठेवते आणि तिला फ्रेंच फ्राइजशिवाय काही दिसेनासं होतं. फ्राइज येतात, मंचुरियन येतं, कोल्ड्रिंकचा ग्लास अर्धा होतो. रोटी आणि भाजी टेबलावर येईपर्यंत तिचं पोट भरलेलं असतं. त्यानंतर दहाच मिनिटांनी त्याच पोटात एक अख्खं आइस्क्रीम मावतं. आईला वाटतं, पोरगी हट्टी झाली आहे. बाबा म्हणतात, आठवड्यातून एकदाच तर येतो, खाऊ दे. आजीच्या मते हा लाडांचा परिणाम.

तिघंही मुलीच्या स्वभावाबद्दल बोलत असतात. मुलांच्या खाण्याचा अभ्यास करणाऱ्यांचं लक्ष मात्र गेली काही दशकं दुसरीकडे आहे. कोणता पदार्थ आधी आला, केवढा आला, शेजारी बसलेलं माणूस काय खात होतं, मुलाला कोणी काय म्हटलं, या गोष्टी ते मोजत आले आहेत. त्यातल्या बहुतेक गोष्टी मुलाने पहिला घास घेण्याआधीच ठरून गेलेल्या असतात, आणि त्या ठरवणारी माणसं मोठी असतात.

अनोळखी जागी ओळखीचा घास

गोडाची ओढ मुलं जन्मतःच घेऊन येतात. नवजात बाळाच्या जिभेवर गोड थेंब ठेवला तर त्याचा चेहरा सैलावतो, कडू ठेवला तर तोंड वाकडं होतं. आईचं दूध गोड असतं, तेव्हा ही ओढ निसर्गाच्या दृष्टीने फायद्याचीच आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या ज्युली मेनेला यांनी चवीच्या आवडींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मोठ्यांना नकोसं वाटेल इतकं गोड मुलांना हवंसं वाटतं आणि ही आवड पौगंडावस्थेत हळूहळू उतरते, असं त्यांच्या अभ्यासांतून दिसलं.

दुसरी गोष्ट नव्या पदार्थाच्या भीतीची. साधारण दोन ते सहा या वयात ती सर्वांत जास्त असते. मूल चालायला लागतं, हाताला लागेल ते तोंडात घालू शकतं, आणि नेमक्या त्याच वयात अनोळखी चवीबद्दल सावध होतं. माणूस रानात कंदमुळं शोधत फिरायचा त्या काळी या सावधपणाने कितीतरी पोरांचे जीव वाचले असणार. आज त्याच सावधपणामुळे पालेभाजी मागे राहते.

ही भीती जाते कशी? अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ लिअन बर्च यांनी १९८० च्या दशकात लहान मुलांवर केलेल्या प्रयोगांतून उत्तर मिळालं, की पदार्थ पुन्हापुन्हा चाखल्याने. एकदोनदा नव्हे, आठ-दहा वेळा आणि कधी त्याहूनही जास्त. नुसता बघून उपयोग होत नाही, तो जिभेवर जावा लागतो. बहुतेक घरांत तिसऱ्या नकारानंतर 'याला दुधी आवडत नाही' असा निकाल लागतो आणि दुधी पुन्हा त्या ताटात येत नाही.

आता हॉटेलचा विचार करावा. जागा नवी, आवाज मोठा, वास अनोळखी, भाजीचा रंग घरच्यासारखा नाही. अशा वेळी मूल जी चव सगळीकडे सारखी लागते तिला धरून राहतं. फ्राइज नाशिकला, नागपूरला, हायवेवरच्या फूड मॉलमध्ये एकाच चवीच्या असतात. त्यात मीठ, तेल आणि पिष्ट आहे, चावायला त्रास नाही. त्यामुळे हॉटेलात मुलाने प्रथमच 'मशरूम मसाला' पोटभर खावा ही अपेक्षाच चुकीच्या जागी केलेली आहे. तिथे नव्या पदार्थाचा एक घास मोठ्यांच्या ताटातून मिळाला तरी पुष्कळ झालं. पोट भरण्यासाठी मात्र इडली, डाळ-भात, दही-भात, साधी रोटी असं काहीतरी ओळखीचं हवं.

साडेआठची भूक

बऱ्याच घरांत लहान मुलं साडेसात-आठला जेवतात. हॉटेलात जायचं ठरलं की निघायलाच आठ वाजतात, बाहेर वेटिंगमध्ये वीस-पंचवीस मिनिटं जातात, आणि ऑर्डर दिल्यावर मुख्य जेवण यायला तेवढाच वेळ. इतक्या वेळात मूल कासावीस होतं, किरकिरतं, आणि त्याला शांत ठेवायला सर्वांत लवकर येणारी वस्तू मागवली जाते. ती जवळजवळ नेहमी तळलेली असते.

पोट भरल्याची खबर मेंदूला दोन वाटांनी मिळते. जठर ताणलं गेलं की एका मज्जातंतूतून पहिला निरोप जातो. दुसरा निरोप अन्न लहान आतड्यात उतरल्यावर तिथून रक्तात सुटणाऱ्या संप्रेरकांचा, म्हणजे शरीराच्या रासायनिक निरोप्यांचा. त्याला पंधरा-वीस मिनिटं सहज लागतात. सकाळी न्हाणीघरात गीझरचा नळ सोडला की नळीत साचलेलं गार पाणी निघून जाईपर्यंत गरम पाणी येत नाही. अधीर माणूस नळ आणखी सोडतो आणि मग एकदम चटका बसतो. भुकेल्या मुलाचं तसंच होतं. तळलेल्या, कमी आकारमानाच्या पदार्थांत ऊर्जा ठासून भरलेली असते. जठर फारसं ताणलं जात नाही, दुसरा निरोप अजून वाटेत असतो, आणि तोवर प्लेट संपलेली असते. रोटी-भाजी टेबलावर येते ती नेमकी हा निरोप पोचण्याच्या वेळेला.

मग आइस्क्रीमला जागा कुठून होते? पोषणशास्त्रज्ञ बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याचा उलगडा केला. एखादा पदार्थ खात गेलं की त्याच पदार्थाची, त्याच चवीची गोडी कमी होत जाते. न खाल्लेल्या चवीची इच्छा मात्र टिकून राहते. म्हणजे खारट-तिखटाने मन भरलेलं असतं, गोडाने नाही. 'पोट भरलं' म्हणणारं मूल खोटं बोलत नाही आणि आइस्क्रीम मागणारं मूलही नाही. लग्नाच्या पंगतीत मठ्ठा पिऊन झाल्यावर पुन्हा जिलबी घेणाऱ्या मोठ्यांनाही हाच नियम लागू आहे.

यातून निघणारा उपाय साधा आहे, आणि या सगळ्या लेखात करायला सर्वांत सोपाही तोच. भूक सर्वांत तीव्र असते तेव्हा टेबलावर जे असेल ते खाल्लं जातं, म्हणून आधी काय यावं ते मोठ्यांनी ठरवावं. रोल्स आणि बर्च यांच्या चमूने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात पाळणाघरातल्या मुलांना जेवणाच्या आधी नुसती गाजरं दिली. गाजरं जास्त ठेवली तेव्हा मुलांनी ती जास्त खाल्ली, कारण समोर दुसरं काही स्पर्धेला नव्हतं. आपल्याकडे हे काम काकडी-गाजराची प्लेट करू शकते. पावसाळ्यात किंवा हॉटेलच्या स्वच्छतेबद्दल शंका असेल तर कच्चं सॅलड टाळून 'वन बाय टू' सूप, उकडलेला मका किंवा गरम इडली बरी. निघण्यापूर्वी घरी एखादं केळं किंवा अर्धी पोळी दिली, तर मुलाची भूक राहते आणि कासावीशी टळते. मुंबई-पुणे किंवा पुणे-कोल्हापूर रस्त्यावर तर हे फार उपयोगी पडतं. पूर्वी प्रवासाला दशम्या बांधून नेत, त्यामागे खर्चाइतकंच हेही शहाणपण होतं.

केवढी प्लेट, किती भूक

रोल्स, एन्गेल आणि बर्च यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पालकांनी लक्षात ठेवावा असा आहे. पाळणाघरातल्या मुलांना चीज घातलेली मॅकरोनी तीन वेगवेगळ्या मापांत देण्यात आली. साधारण साडेतीन वर्षांच्या मुलांनी माप काहीही असो, जवळपास सारखंच खाल्लं. पाच वर्षांच्या मुलांनी मात्र जितकं जास्त वाढलं तितकं जास्त खाल्लं. दीडेक वर्षाच्या अंतरात मुलं आपल्या पोटाऐवजी समोरच्या प्लेटकडे बघायला शिकली होती. 'ताटात टाकायचं नाही' हे आपण ज्या वयात शिकवायला घेतो तेच हे वय.

पुढे २००३ मधल्या एका प्रयोगात मोठ्या मापाचा परिणाम पुन्हा दिसला, पण एक आशादायक गोष्टही कळली. मुलांना स्वतःच्या हाताने वाढून घेऊ दिलं तर ती भल्यामोठ्या वाढलेल्या प्लेटपेक्षा कमी घेतात आणि कमी खातात. हॉटेलात याचा वापर करायला काही लागत नाही. मुलासाठी वेगळी डिश मागवण्याऐवजी एक रिकामी वाटी आणि लहान चमचा मागावा, मधल्या भांड्यातून त्याला स्वतः वाढून घेऊ द्यावं. थोडं टेबलावर सांडेल, सांडू द्यावं.

मापाचा अंदाज यायला आता छापील मदतही आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलसाखळ्यांना जुलै २०२२ पासून मेनूवर पदार्थाचे उष्मांक द्यावे लागतात. सोबत प्रौढ माणसाला दिवसाला सरासरी २,००० किलोकॅलरी लागतात अशा अर्थाची ओळ असते. ही ओळ मुलासाठी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात चार ते सहा वर्षांच्या मुलाची गरज दिवसाला सुमारे १,३६० आणि सात ते नऊ वर्षांच्या मुलाची सुमारे १,७०० धरली आहे. मेनूवर ७०० किलोकॅलरी लिहिलेला बर्गरचा सेट पाच वर्षांच्या मुलासमोर ठेवला तर अर्ध्या दिवसाची गरज एका ट्रेमध्ये आली.

मुदपाकखान्यात काय चालतं

पंजाबी पद्धतीच्या हॉटेलात कार्डावर पन्नास भाज्या असतात, पण दुपारीच तयार करून ठेवलेल्या ग्रेव्ही तीन-चार असतात. टोमॅटोची लाल, कांद्याची पिवळी किंवा तपकिरी, आणि काजू-मगजबीची पांढरी. ऑर्डर आली की त्यातली एक कढईत पडते, भाजी किंवा पनीर पडतं, वरून लोणी किंवा क्रीम. म्हणजे बेस आधीच ठरलेला असला तरी शेवटचा हात आपल्या ऑर्डरनंतर फिरतो, आणि त्यावर आपलं चालतं. 'वरून बटर-क्रीम नको' हे वेटरने आत सांगितलं की झालं. ग्रेव्हीतलं मीठ मात्र कमी होत नाही. त्यासाठी ऑर्डरनंतर बनणारा पदार्थ निवडणं बरं, जसं फोडणीची डाळ, तव्यावरची भाजी, भुर्जी, तंदूरमधला पनीर किंवा चिकन टिक्का.

मिठाचं एवढं काय? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, आणि मुलांसाठी ऊर्जेच्या गरजेनुसार त्याहून कमी. पापड, सोया सॉसमधलं मंचुरियन, लोणचं आणि ग्रेव्ही एकत्र आलं की पाच वर्षांच्या मुलासाठी ते फार होतं. मग तहान लागते, आणि त्या तहानेला टेबलावर कोल्ड्रिंक हजर असतं.

कोल्ड्रिंकबद्दल स्पष्टच बोलायला हवं. शंभर मिलिलिटरमध्ये साधारण दहा-अकरा ग्रॅम साखर, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅमच्या वर, पाच चहाचे चमचे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१६ मध्ये दोन ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाची वरून घातलेल्या साखरेची मर्यादा पंचवीस ग्रॅमच्या आत सांगितली आहे. दोन वर्षांखाली अजिबात नको, असं म्हटलं आहे. शिवाय पातळ रूपात घेतलेल्या साखरेने पोट भरल्याची जाणीव फारशी होत नाही, त्यामुळे ती जेवणाच्या जागी जात नाही, जेवणात भर घालते. हॉटेलात एकच बदल करायचा असेल तर पालकांनी हा करावा. पाणी, ताक, साखर न घातलेली सोलकढी, खारं लिंबू-पाणी यांतलं काहीही चालेल.

चौकट: ऑर्डर देताना
• पेय आणि पहिला पदार्थ मुलाला कार्ड दाखवण्याआधी मोठ्यांनी सांगून टाकावा.
• 'काय हवं?' असं मोकळं विचारू नये. 'इडली की उत्तप्पा?', 'डाळ की पनीर टिक्का?' असं दोनातलं एक विचारावं.
• 'रोटी प्लेन की बटर?' या प्रश्नाला घाईत 'बटर' उत्तर जातं. ते आधीच ठरवावं.
• फ्राइज मागवायच्याच असतील तर एक प्लेट सगळ्यांत, आणि जेवणासोबत, जेवणाआधी नकोत.
• चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, कडक तळलेले मोठे तुकडे देऊ नयेत. ते घशात अडकू शकतात.

'दोन घास खा, मग आइस्क्रीम'

हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉटेलात रविवारी ऐकू येतं. त्यामागे माया आहे, यात शंका नाही. परिणाम मात्र उलटा होतो. बर्च यांच्या १९८४ च्या प्रयोगात मुलांना केफिर हे ताकासारखं आंबवलेलं पेय देण्यात आलं. काहींना ते पिण्याबद्दल बक्षीस किंवा शाबासकी मिळाली, काहींना काहीच नाही. ज्यांना बक्षीस मिळालं त्यांची केफिरची आवड कमी झाली. मूल मनात हिशेब करतं, की ज्यासाठी लाच द्यावी लागते ते वाईटच असणार. उलट, जो पदार्थ बक्षीस म्हणून मिळतो त्याची किंमत वाढते. म्हणजे त्या एका वाक्यात भाजी पडते आणि आइस्क्रीम चढतं.

जबरदस्तीचंही तसंच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मुलांना सूप देताना काहींना 'संपव, संपव' असं म्हटलं गेलं. ज्यांना कोणी काही म्हटलं नाही त्यांनी सूप जास्त प्यायलं आणि त्याबद्दल तक्रारही फार कमी केली. आणि पूर्ण बंदी? फिशर आणि बर्च यांनी १९९९ मध्ये मुलांना एक बिस्किट दिसेल पण मिळणार नाही असं ठेवलं. मुलं त्याबद्दल जास्त बोलू लागली, जास्त मागू लागली. चारचौघांत 'तुला ते मिळणार नाही' असं ठणकावलं की त्या पदार्थाचं आकर्षण वाढतं ते असं.

मग पालकांनी करायचं काय? अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी यावर कामाची वाटणी सुचवली. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं. खायचं की नाही आणि किती, हे मुलाने. ही कल्पना पोकळ नाही, हे फार पूर्वीच्या एका कामावरून दिसतं. डॉ. क्लारा डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात नुकतंच अंगावरचं दूध सोडणाऱ्या पंधरा बाळांना स्वतः निवडून खाऊ दिलं. प्रत्येक बाळाची निवड वेगळी होती, तरी सगळी सुदृढ वाढली. यात एक मेख होती आणि ती डेव्हिस यांनी स्वतःच दाखवून दिली. बाळांपुढे ठेवलेल्या तीसहून अधिक पदार्थांत साखर, मैद्याचे पदार्थ किंवा तळण नव्हतंच. मुलाची निवड भरवशाची ठरली, कारण यादी मोठ्यांनी जपून केली होती. हॉटेलचं मेनू कार्ड तसं जपून केलेलं नसतं, म्हणून ते चाळून त्यातली छोटी यादी मुलापुढे ठेवण्याचं काम पालकांकडे येतं.

आइस्क्रीम खायचं असेल तर तेही या यादीत आधीच असावं. 'आज जेवणानंतर सगळे मिळून दोन कप घेणार आहोत,' असं निघतानाच सांगितलं की त्याची देवघेव होत नाही. भाजी खाल्ली तरी ते मिळणार, नाही खाल्ली तरी मिळणार.

शेजारी कोण बसलंय

१९८० मध्ये बर्च यांनी एक गमतीदार मांडणी केली. ज्या मुलाला एक भाजी आवडायची त्याला दुसरीच भाजी आवडणाऱ्या तीन-चार मुलांसोबत काही दिवस जेवायला बसवलं. कोणी काही समजावलं नाही. चार दिवसांत बरीच मुलं आपली नावडती भाजी निवडू आणि खाऊ लागली. वाढदिवसाच्या पार्टीत किंवा नातेवाइकांच्या गोतावळ्यात मोठे एका टेबलावर आणि सगळी मुलं दुसऱ्या टेबलावर बसवली जातात. मग मुलांच्या टेबलावर पहिली प्लेट फ्राइजची आली की संपूर्ण टेबल फ्राइजचं होतं. तिथे एक-दोन मामा-मावश्यांनी जाऊन बसावं आणि मजेत काकडी, कबाब, डाळ-भात खावा. मुलं बघत असतात.

मोबाइलवर कार्टून लावून दिलेलं मूल मात्र काहीच बघत नसतं. शेजारचं ताटही नाही आणि स्वतःचं पोटही नाही. ते शांत बसतं, भरवलं जातं, आणि आपण काय व किती खाल्लं याची नोंदच त्याच्याकडे राहत नाही. वाट बघण्याच्या वेळेत रंगीत खडू किंवा गप्पा, आणि जेवण आल्यावर फोन पिशवीत, एवढं पुरतं.

थाळी, एक जुनी सोय

या सगळ्या प्रयोगांचे निष्कर्ष समोर ठेवून कोणी मुलांसाठी जेवण आखायला बसलं तर ते बरंचसं थाळीसारखं निघेल. लहान वाट्या, थोडं-थोडं, कोशिंबीर, उसळ, भाजी, वरण, भात, ताक, आणि एकाच ताटात ओळखीचं व अनोळखी शेजारी-शेजारी. मूल भात-वरणावर पोट भरतं आणि मटकीची उसळ नुसती चाटून बघतं. त्या चाटून बघण्याचीही मोजदाद होत असते. कोकण-गोव्याच्या फिश थाळीत सोलकढी आणि भातासोबत सुरमईचा काप मुलांना सोपा जातो, काटे कमी असतात. उडुपी हॉटेलातली इडली वाफवलेली, आंबवलेली, आणि सांबारात डाळ व भाज्या दोन्ही. त्याच कार्डावरच्या चीज-मैसूर डोशापेक्षा ती लहान पोटाला कितीतरी बरी.

'अनलिमिटेड' थाळीत मात्र जपावं लागतं. वाढपी पहिल्या फेरीतच फरसाण आणि जिलबी ताटात ठेवतो, मागे तुपाची वाटी घेऊन दुसरा येतो, आणि आग्रह हा तिथल्या पाहुणचाराचा भाग असतो. मुलाच्या ताटात गोड नंतर वाढा, असं सुरुवातीलाच सांगितलं तर बहुतेक वाढपी आनंदाने ऐकतात.

हॉटेलवाल्यांच्या हातातलं

पालकांनी कितीही ठरवलं तरी कार्ड छापतो हॉटेलवाला, आणि तिथे सर्वांत मोठा बदल घडू शकतो. मॉलमधल्या 'किड्स मेनू'त बर्गर, नगेट्स, पास्ता आणि बटाट्याच्या स्मायली असतात. लहान मुलं एवढंच खातात असं गृहीत धरलेलं असतं. डिस्नेने २००६ मध्ये अमेरिकेतल्या आपल्या उद्यानांत हे गृहीतक बदललं. मुलांच्या जेवणासोबत न मागता फळं किंवा भाज्या आणि दूध, रस किंवा पाणी येऊ लागलं. फ्राइज आणि कोल्ड्रिंक हवं असेल तर सांगावं लागे. बंदी कशावरच नव्हती. तरी पुढे झालेल्या पाहणीत पेयांच्या बाबतीत सुमारे दोन तृतीयांश आणि सोबतच्या पदार्थांच्या बाबतीत जवळपास निम्म्या ग्राहकांनी जे आलं तेच ठेवून घेतलेलं दिसलं. माणूस बहुधा जे आपोआप मिळतं ते घेतो. भुकेलं पोर कडेवर असताना तर हमखास.

व्हर्जिनिया आणि मेरीलँडमधल्या सिल्व्हर डायनर या हॉटेलसाखळीने २०१२ मध्ये मुलांच्या कार्डावरून फ्राइज आणि सोडा काढले, मागितल्यास मात्र देत राहिले. सोबत स्ट्रॉबेरीसारखी फळं आणि भाज्या येऊ लागल्या. आरोग्यदायी जेवणाच्या ऑर्डरी वाढल्या आणि हॉटेलचं उत्पन्नही वाढत राहिलं. ही दुसरी गोष्ट आपल्या हॉटेलमालकांनी मुद्दाम वाचावी. कॅलिफोर्नियाने तर जानेवारी २०१९ पासून मुलांच्या जेवणासोबत आपोआप येणारं पेय पाणी किंवा दूधच असावं असा कायदा केला.

आपल्याकडे यासाठी कायद्याची वाट बघण्याची गरज नाही. बऱ्याच हॉटेलांत विचारलं तर हाफ प्लेट डाळ-भात मिळतो, बिनमसाल्याची भाजी मिळते, एका इडलीची प्लेटही मिळते. फक्त ते कार्डावर छापलेलं नसतं. 'लहान मुलांसाठी: अर्धी डाळ-खिचडी, ताक, उकडलेली भाजी' एवढी एक ओळ कार्डावर आली तर वेटिंगमध्ये ताटकळलेल्या कितीतरी आईवडिलांचं काम हलकं होईल. तोवर बिल देताना काउंटरवर मालकाला ती ओळ सुचवून यायला हरकत नाही.